पडद्यावर मेलेल्या गोदाक्का

"आमच्या सासूबाईंना तुमच्याशी बोलायचंय," फोनवरची बाई म्हणाली. "मालिकेत त्या तुमच्या आवाजात मेल्या ना, म्हणून."

मी पुण्यात, माझ्या स्वयंपाकघरात, सोलकढीसाठी नारळ वाटत होते. मिक्सर बंद केला. आधी वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय.

माझा धंदा दुसऱ्याच्या तोंडात आपला आवाज घालण्याचा. जाहिरातीतल्या सासवा, कार्टूनमधली खार, लिफ्टमधला "दरवाजा बंद होत आहे", असं काहीही. गेल्या वर्षी एका हिंदी मालिकेचं मराठी डबिंग केलं. पाच भागांची मालिका. खानदेशात पन्नासेक वर्षांपूर्वी एक पॅसेंजर गाडी नाल्याच्या पुरात कोसळली होती, त्या अपघातावरची. तिच्यातल्या शेतकरी बाईला माझा आवाज होता. ही बाई वादळी रात्री हातात कंदील घेऊन पुरात उतरते, माणसं वाचवते आणि चौथ्या भागाच्या शेवटी स्वतः वाहून जाते. त्या मरण्यावर माझा अर्धा दिवस गेला होता. तीनदा मेले, तेव्हा कुठे दिग्दर्शकाचं समाधान झालं. भागाच्या शेवटी "सत्य घटनेवर आधारित" अशी पाटी येते. त्यामुळे ती बाई खरोखरच वाहून गेली असणार, असं मी धरून चालले होते.

फोन दुसऱ्या हातात गेला. एक जाड, खणखणीत आवाज आला.

"मी गोदाक्का. मी मरेल नही. जित्ती शे!"

मग त्या इतक्या मोठ्याने हसल्या की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. सूनबाईंनी, म्हणजे शाळेत शिक्षिका असलेल्या सुनंदाताईंनी, पुढचं सांगितलं. संक्रांत झाली की दोंडाईच्याजवळच्या त्यांच्या गावी यायचं. अक्कांचं एक काम आहे. काम काय, ते फोनवर सांगायचं नाही, असा अक्कांचा हुकूम.

स्वतः मारलेल्या माणसाला भेटायची संधी किती जणांना मिळते? मी तिकीट काढलं.

जळगाव

सकाळी जळगावात उतरले. हातात एक दिवस होता, तो मी खाण्यावर खर्च करायचं ठरवलं. स्टेशनवरून घेतलेल्या रिक्षाचे चालक सलीमभाई पन्नाशीचे, बोलघेवडे. मी कुठून आले, कशाला आले, हे त्यांनी पहिल्या सिग्नलच्या आत काढून घेतलं.

"ती रेल्वेची मालिका? ताई, ती बाई वाहून गेली ना, त्या दिवशी आमच्या घरात कोणी धड जेवलं नाही. माझी आई तर तिच्यासाठी दुआ मागत होती."

माझ्यातला नट जागा झाला. मागच्या सीटवरून मी त्या बाईच्या आवाजात म्हटलं, "घाबरू नका, दोर घट्ट धरा!"

सलीमभाईंनी करकचून ब्रेक मारला. मागून येणारा केळीचा टेम्पो आमच्यापासून वीतभर अंतरावर थांबला आणि टेम्पोवाल्याने आम्हा दोघांचा खास खानदेशी उद्धार केला. सलीमभाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी मागे वळून मला हात जोडले आणि भाडं घ्यायला साफ नकार दिला. ती बाई जिवंत आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते फारसं रुचलं नाही. "असेल," ते म्हणाले, "पण मालिकेत तर गेली ना."

दुपारी त्यांनीच सुचवलेल्या खानावळीत शेवभाजी मागवली. "जरा कमी तिखट करा," असंही सांगितलं. वाढणाऱ्या काकांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "ताई, कमीच आहे. तुम्ही बाहेरच्या दिसल्या, म्हणून."

आम्ही चिपळूणची माणसं. तिखट म्हणजे माशाच्या आमटीला रंग येण्यापुरती मिरची, आणि वरून नारळाचं दूध आहेच. इथे लालभडक तेलाखाली काय आहे ते कळायच्या आत पहिला घास गेला आणि मला उचकी लागली. ती पाणी पिऊन थांबेना, गूळ खाऊन थांबेना. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या एका आजोबांनी पिशवीतून केळं काढून सोलून दिलं. "हे खा. आमच्याकडे शेवभाजीवर औषध केळंच." उचकी थांबली. आणि सांगायला लाज वाटते, पण मी आणखी एक वाटी शेवभाजी मागवली.

दोंडाईचा

दुसऱ्या दिवशी सुरतेकडच्या लाइनवरची गाडी धरली. अपघात झाला तो याच लाइनवर. अमळनेर मागे पडलं, केळीच्या बागा विरळ झाल्या, आणि काळ्या जमिनीचे सपाट पट्टे सुरू झाले. कोकणात डोळ्यांसमोर सतत काहीतरी येतं, डोंगर नाहीतर माड. इथे नजर आडवी धावतच राहते. वेचून झालेल्या कपाशीच्या काड्या, मध्येच हरभरा, आणि दूर उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ. मी प्रत्येक पुलावर डोकं बाहेर काढून "हाच का तो?" असं पाहत होते. मालिकेतला पूल लोखंडी कमानींचा, मैलभर लांब होता. तसा एकही दिसला नाही.

स्टेशनवर सुनंदाताई गाडी घेऊन आल्या होत्या. वाटेत रस्त्याच्या कडेला मिरच्या वाळत घातलेल्या. लाल गालिचेच. मी फोटो काढायला उतरले, चांगली मध्ये जाऊन उभी राहिले आणि मग शिंकायला लागले. वीस मिनिटं शिंकत होते. गावात पोचेपर्यंत डोळे सुजलेले, नाक लाल, आणि घशातून आवाजाच्या जागी नुसती फुंकर.

गोदाक्का ओट्यावर वाट बघत होत्या. पंच्याहत्तरीच्या, उंच, ताठ. नऊवारी नव्हे, साधी गोल साडी, डोक्यावर पदर. मी पाया पडले, बोलायला तोंड उघडलं आणि काहीच बाहेर आलं नाही.

अक्कांनी सुनेकडे पाहिलं. "हिना आवाज कोठे शे?"

"मिरचीत गेला," सुनंदाताई म्हणाल्या.

अक्का आधी हसल्या, मग आत जाऊन हळद-गुळाचं गरम पाणी घेऊन आल्या आणि मी शेवटचा घोट घेईपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

नाला

संध्याकाळच्या आधी आम्ही शेतात गेलो. शेताच्या बांधाला लागून रेल्वेचा रूळ आणि खाली नाला. नाला कोरडा ठणठणीत. त्यावर दोन गाळ्यांचा दगडी पूल. तिथे चार शेळ्या चरत होत्या.

"हा?" मी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"हाऊच," अक्का म्हणाल्या.

एवढ्याशा नाल्यात एवढी माणसं? पण मी चिपळूणची आहे. कंबरभर पाणी रागावलं की काय करतं, ते मी पाहिलं आहे. आजूबाजूला शोधलं. एखादा दगड, पाटी, काही खूण? काहीच नव्हतं. डबे कधीच उचलून नेले, पूल नवा बांधला, वाहून गेलेल्यांची नावं त्यांच्या त्यांच्या घरी राहिली. जगाला हा अपघात आठवतो तो त्या पाच भागांपुरताच.

"रात्रीची वेळ होती ना?" मी विचारलं. "तुमच्या हातात कंदील होता."

"कसानी रात?" अक्का उसळल्या. "सकाय व्हती! चांगलं ऊन पडेल व्हतं."

रात्रभर वर कुठेतरी पाऊस झाला होता. सकाळी इथे लख्ख ऊन, आणि नाला दोन्ही काठांनी फुगलेला. पुलाखालची माती रात्रीतून धुऊन गेली होती, हे कोणाला कळलं नाही. गाडी पुलावर आली आणि इंजिनामागचे दोन डबे आडवे झाले. शेतात तेव्हा दोघीच होत्या. बावीस वर्षांच्या अक्का, आणि त्यांच्याच वयाची, कामाला आलेली शेवंता. जवळ विहिरीचा लांब दोर होता.

"माले पवता येत नही," अक्का सांगत होत्या. "शेवंता पयले उतरनी. ती खालतून माणसं बांधे, मी वरतून ओढू. दोर बाभूयले गुंडाळेल व्हता. एक म्हातारा तर छत्री सोडे ना! छत्रीसंगेच काढा त्याले."

"किती जणांना काढलंत?"

"मोजाले कोण बठेल व्हतं!"

तिथेच शेतात तुरीच्या काड्यांवर वांगी भाजून सुनंदाताईंनी भरीत केलं. हिरवीगार लांबट वांगी, ठेचलेली मिरची, कच्चं तेल, कांद्याची पात आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. आमच्याकडच्या दह्यातल्या भरताला मी त्या दिवसापासून भरीत म्हणत नाही. जेवताना अक्कांनी काम सांगितलं.

मालिकावाले आले, दोन दिवस बसले. अक्कांनी सगळं सांगितलं, शेवंताचं नाव दहा वेळा सांगितलं. मालिकेत मात्र दोघींची एकच बाई झाली, आणि तीही मेली. मरण्याबद्दल अक्कांची तक्रार नव्हती. तक्रार ही होती, की शिरपूरला लेकीकडे राहणारी शेवंता मालिका आल्यापासून, म्हणजे आठ महिने, त्यांच्याशी बोलत नाही. फोन उचलत नाही.

"तू त्या लोकसमाईन शे," अक्का म्हणाल्या. "तिले सांग, गोदीनी तुनं नाव सांगेल व्हतं."

मी अडखळले. मी कोणाच्यातलीच नव्हते. एका काचेच्या खोलीत उभं राहून कागदावरचं वाचणारी बाई. अक्कांनी मालिकावाल्यांना काय सांगितलं, हे मला कुठे ठाऊक? खात्री नसताना एका म्हाताऱ्या बाईपुढे साक्ष कशी द्यायची? मी तसं बोलूनही दाखवलं. अक्कांचा चेहरा उतरला. त्या भाकरीचा तुकडा उगीच मोडत राहिल्या.

आणि मग, भाकरीचा घास हातात असताना, मला आठवलं. डबिंगच्या दुसऱ्या दिवशी माझ्या कागदावर एक ओळ होती, "शेवंता, दोर सोडू नको!" मी ती बोलले होते. चार वेळा, कारण ओठांची हालचाल जुळत नव्हती. मी विचारलंही होतं, ही शेवंता कोण? पलीकडून उत्तर आलं, "माहीत नाही. हा सीन बहुतेक जातोय." नंतर तो गेला. मालिका पाहताना माझ्या लक्षातही आलं नाही.

म्हणजे ते नाव लिहिलं गेलं होतं. आणि ते तिथे जायला अक्कांखेरीज कोण होतं?

"अक्का," मी म्हटलं, "उद्या शिरपूरला जाऊ."

शिरपूर

तापी ओलांडली की शिरपूर. एवढं पाणी मी इकडे आल्यापासून प्रथमच पाहत होते, त्यामुळे गाडी थांबवायला लावली आणि पाच मिनिटं नुसती पाहत उभी राहिले. अक्का गाडीतून उतरल्या नाहीत. घर जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही जा पुढे. मी गाडीमा बसस."

शेवंताबाईंची मुलगी प्रज्ञा तिथल्या कॉलेजात शिकवते. नीटनेटकं घर, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, पुस्तकांचं कपाट. शेवंताबाई खुर्चीत बसल्या होत्या. लहानखुऱ्या, पांढरेशुभ्र केस, नजर थेट. मी माझी ओळख करून दिली. घसा अजून बसलेलाच होता.

"मालिका मी देखी नही," त्या म्हणाल्या. "देखसू बी नही."

मी सगळं सांगितलं. कागदावरची ओळ, चार वेळा घेतलेलं नाव, गेलेला प्रसंग. अक्कांनी नाव सांगितलं होतं, आणि ते माझ्या तोंडून गेलं होतं. मला वाटलं, आता त्यांचे डोळे भरून येतील. त्यांनी फक्त मान हलवली.

"मालिकाना माले राग नही. मालिकावाला कोठला, मी कोठली. तुले गोदीनी सत्कारनं सांगं का?"

सत्कार? मी सुनंदाताईंकडे पाहिलं. त्या जमिनीकडे बघत होत्या.

मालिका गाजल्यावर तालुक्याला एका मंडळाने अक्कांचा सत्कार केला होता. शाल, फेटा, फोटो. शेवंताबाई लेकीबरोबर मुद्दाम गेल्या होत्या, मागच्या रांगेत बसल्या होत्या.

"गोदी माईकवर बोलनी," शेवंताबाई म्हणाल्या. "इंजिनना डायवरनं नाव लिधं. सरपंचनं लिधं. बाभूयनं बी सांगं. मनं नाव नही."

बाभळीचंसुद्धा. प्रज्ञा आईच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"त्या दिवशी पाणीमा कोणी जात ईचारी नही," शेवंताबाई हळूच म्हणाल्या. "चहा वाटाना वखतले ईचारी. माले बाजूले बसाडं. तवय गोदीनी तिना कप मना हातमा दिधा, नि मी पिधा तसा त्याच कपमाईन सोता पिधा. सर्वास्ना समोर. तो कप मी पन्नास वरीस याद ठेवा. नि तिले मनं नाव याद ऱ्हायनं नही?"

दारात सावली पडली. गोदाक्का उभ्या होत्या. गाडीत बसवेना म्हणून आल्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या, कोण जाणे.

बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

"दारमा काबर उभी?" शेवंताबाई शेवटी म्हणाल्या. "घरमा ये."

अक्का आत आल्या, पण बसल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "माईक हातमा उना नि मना हात कापाले लागनात. पण ती गोट नही. फेटा, शाल, टाळ्या... माले गोड लागनं, शेवंता. दुसरं कोणी त्यामा नको वाटनं. खोटं काबर सांगू?"

इतका सरळ कबुलीजबाब मी कुठल्याच मालिकेत वाचलेला नाही. कोणी लिहिला असता तर दिग्दर्शकाने त्यावर पाऊस पाडला असता.

"हाई सांगाले आठ महिना लागनात?"

"लाज वाटे. म्हनीसन हिले लई उनू." अक्कांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी साक्षीदार म्हणून नव्हे, ढाल म्हणून आले होते, हे मला तेव्हा कळलं. राग मात्र आला नाही.

माफ केलं, असं शेवंताबाई म्हणाल्या नाहीत. त्यांनी लेकीला टीव्ही लावायला सांगितला. "लाव ती मालिका. देखू दे, ही कशी मरस."

प्रज्ञाने चौथा भाग लावला. दोघी शेजारी बसल्या, मध्ये हातभर जागा सोडून. पडद्यावर अंधार, विजा, मैलभर लांब पूल, आणि कंदील घेतलेली सुंदर, गोरी बाई.

"कंदील!" शेवंताबाई ओरडल्या. "सकायमा कंदील!"

"नि लुगडं देख," अक्का म्हणाल्या. "चिखलनं एक डाग नही."

दोघी हसायला लागल्या. प्रत्येक गोष्टीला हसल्या. इंजिनाला, पुलाला, छत्री नसलेल्या म्हाताऱ्याला. माझ्या आवाजालाही हसल्या. "हाई आपली भाषा शे का?" असं शेवंताबाईंनी मला तोंडावर विचारलं. मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग ती बाई पाण्यात उतरली. शेवंताबाईंचं हसू थांबलं. "काय करस? तिले पवता येत नही!" त्या पडद्याला म्हणाल्या. लाट आली. कंदील विझला. माझ्या आवाजात, अर्धा दिवस घासून तयार केलेली ती शेवटची हाक आली आणि बाई पाण्याखाली गेली.

"बंद कर!" शेवंताबाईंनी प्रज्ञाच्या हातातून रिमोट ओढला. टीव्ही त्यांनीच बंद केला. "गोदी मरेल माले देखानी नही."

"मी आठे बठेल शे ना," अक्का म्हणाल्या.

शेवंताबाईंनी अक्कांचं मनगट धरलं. पाण्याजवळ जाणाऱ्या पोराला आपण दटावून धरतो, तसं. मधली हातभर जागा केव्हा संपली, ते माझ्या लक्षात आलं नाही.

प्रज्ञाने वरण-बट्टी केली होती. तुपात बुडवलेली बट्टी कुस्करून, वर तुरीचं घट्ट वरण. मी दोन बट्ट्या खाल्ल्या आणि तिसरीला नाही म्हणताना जिवावर आलं. जेवताना दोघींचं सुरूच होतं. दोर आधी कोणी आणला, छत्रीवाला म्हातारा कुठल्या गावचा, बाभूळ होती की निंब. एकीचं दुसरीला पटत नव्हतं. सुनंदाताईंनी वही काढून लिहून घ्यायला सुरुवात केली, मग दोन पानांवर दोन वेगवेगळ्या हकिगती झाल्या तेव्हा नाद सोडला.

मला धुळ्याहून पुण्याची बस होती. तीन वाजता सुनंदाताईंनी गाडीची किल्ली उचलली.

"आई, निघू या?"

अक्का जागच्या हलल्या नाहीत. "तुम्ही जा. आमनं भांडण आजून बाकी शे."

"मग घ्यायला कधी येऊ?"

उत्तर शेवंताबाईंनी दिलं. "भांडण सरनं का फोन करसूत."